फुसाएबाईंचे ताठ पाय

सरकत्या जिन्यावर मागून कुणीतरी "डॉक्टरबाई!" अशी हाक मारली आणि किनुयो इजिचीनं मागे वळून पाहिलं नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरला बाजारात कुणी ओळखत नाही. पेशंट तिला दोन मिनिटं बघतो, तेही घाबरलेल्या डोळ्यांनी, आणि झोपतो. उठल्यावर हात जोडतो ते कापाकापी करणाऱ्या सर्जनला. कागोशिमात वीस वर्षं हे काम करून किनुयोला या अनोळखीपणाची सवय झाली होती, खरं तर तो तिला आवडायचा. लग्न केलं नाही, घरी वाट बघणारं कुणी नाही, सुट्टीच्या दिवशी या मोठ्या दुकानात यावं, मोजे घ्यावेत, वरच्या मजल्यावर एकटीनं जेवावं आणि कुणी आपल्याकडे ढुंकूनही पाहू नये, यात तिला एक प्रकारचं सुख होतं. म्हणून हाक कुणाची ते मान वळवण्याआधीच तिला कळलं. या गावात तिला चेहऱ्यानं ओळखणारी अशी एकच बाई होती. आपण ऐकलंच नाही असं दाखवून वर चढून जावं असं तिच्या मनात आलं, पण जिना आपल्या गतीनं चालला होता, पुढे दोन जाड्या बायका छत्र्यांवरची ज्वालामुखीची राख झटकत उभ्या होत्या, आणि मागून हात्सुमी पायऱ्या चढत येत होती, छातीशी बांधलेल्या बाळासकट.

"मला वाटलंच तुम्ही असणार! मानेवरून ओळखलं बघा. इस्पितळात त्या दिवशी तुमच्या मागे मागे इतकं चालले होते ना." जिन्यावर उभ्या उभ्याच ती कमरेत वाकली तेव्हा बाळाचं डोकं किनुयोच्या पर्सवर आपटलं. "आईचं एकोणपन्नासाव्या दिवसाचं कार्य पार पडलं. तुम्हाला भेटून उपकार मानायचेच होते. सासूबाई म्हणाल्या, इस्पितळात जाऊन त्यांना कशाला त्रास देतेस. आणि बघा, देवानंच गाठ घालून दिली. जेवलात? नाही ना? मग नाही म्हणायचं नाही."

नाही म्हणणं किनुयोला येत नव्हतं. तिच्या घराण्यात ते कुणालाच आलं नव्हतं. वरच्या मजल्यावर कोपऱ्यातलं टेबल मिळालं. हात्सुमीनं स्वतःसाठी आटीव दूध घातलेला किसलेला बर्फ मागवला, किनुयोसाठी थंड शेवया, आणि बाळाला मांडीवर मोकळं केलं. मुलगी होती. सुझुना नाव. तिला खालचे दोन दात आले होते आणि ती टेबलाची कड चावायला बघत होती. मे महिन्यात पाच महिन्यांची होती, म्हणजे आता सात. हा हिशेब किनुयोनं आत्ता मांडला नव्हता, गेले दोन महिने तो रोज सकाळी दात घासताना आपोआप होत होता. खिडकीबाहेर ज्वालामुखीचं डोकं दिसत नव्हतं, करड्या धुरात गेलं होतं. या मोसमात वारा शहराकडे वाहतो आणि राख सगळीकडे शिरते, कपाटातल्या घड्यांमध्ये, भातात, दातांत. किनुयोच्या दातांखाली सकाळपासून कचकच होत होती, चूळ भरूनही जात नव्हती.

"आई गेली ती शांतपणे गेली, हेच एक समाधान," हात्सुमी म्हणाली. "झोपेतच. तुमच्या हातात. सगळ्यांना सांगते मी."

किनुयोनं शेवया उचलल्या. तुमच्या हातात. हे मात्र शब्दशः खरं होतं. हात्सुमीची आई फुसाए तोकुदोमे, वय छप्पन्न, मांडीच्या सांध्यातला हर्निया अडकलेला, आतडं पिळवटलेलं, दिवसभर ओकाऱ्या. संध्याकाळचे चार वाजले होते, उन्हं होती. सर्जन घाई करत होते. आतडं काळं पडायच्या आत पोट उघडायचं होतं. अशा पेशंटचं पोट भरलेलं असतं, भूल देताना ओकारी छातीत गेली तर संपलंच. म्हणून असं औषध द्यायचं असतं की एका मिनिटात जबडा सैल पडावा आणि नळी आत जावी. ते औषध किनुयोनं आयुष्यात किमान चार हजार माणसांना दिलं होतं. अंगावरून आधी बारीक लहरी जातात, गाल, छाती, पायाची बोटं अशा थरथरतात, आणि मग सगळं अंग निवतं. ज्यांना ते द्यायचं नाही त्यांची यादी ती दर एप्रिलला नव्या डॉक्टरांना फळ्यावर लिहून द्यायची: मोठे भाजलेले, बरेच दिवस अंथरुणाला खिळलेले, आणि मज्जारज्जूचा आजार असलेले. त्यातही ज्यांचे पाय नुकतेच बिघडू लागलेत त्यांना तर नाहीच नाही. स्नायूचं मज्जारज्जूशी नातं तुटत चाललं की तो घाबरट होतो, ती समजावून सांगायची. हे औषध लागलं की आपल्याजवळचं सगळं पोटॅशियम तो एकदम रक्तात ओकतो, आणि हृदय उभ्या उभ्या थांबतं. मग फळा पुसायची आणि विचारायची, "तर भूल देण्याआधी सगळ्यात महत्त्वाचं काम कोणतं?" पोरं म्हणायची, "विचारणं." "शाबास," ती म्हणायची.

तिनं विचारलं होतं. अगदीच विचारलं नव्हतं असं नाही. तपासताना चादर बाजूला केली तेव्हा फुसाएबाईंचे पाय लाकडासारखे ताठ होते, गुडघे एकमेकांना घट्ट चिकटलेले. तळव्याला किनुयोचा हात लागला मात्र, टाच गादीवर टकटक टकटक आपटू लागली, थांबेचना. फुसाएबाईंनी आपला हात गुडघ्यावर ठेवून असा काही दाबला की पाय जागच्या जागी शांत झाला. फार दिवसांच्या सरावाचा हात होता तो. रडणाऱ्या पोराचं तोंड पाहुण्यांसमोर झाकावं तसा. "पायांना काही दुखणं आहे का?" किनुयोनं विचारलं. "वाताचे आहेत हो," फुसाएबाई म्हणाल्या. "यंदा जरा जास्तच धरलेत. म्हातारीचे पाय, काय बघायचंय त्यात?" आणि पाठमोऱ्या उभ्या असलेल्या, बाळाचा लंगोट बदलणाऱ्या मुलीकडे त्यांनी एकदा पाहिलं, आणि मग किनुयोकडे. तेवढंच. त्या नजरेत काय होतं ते या भागात जन्मलेल्या कुणालाही कळलं असतं. विचारू नका, असं ती नजर म्हणत होती.

आणि किनुयोनं विचारलं नाही. मुलीला एक मिनिट बाहेर पाठवता आलं असतं. पण इथे नातेवाइकाला बाहेर जा म्हणणं म्हणजे काहीतरी भयंकर आहे असं ढोल वाजवून सांगणं. समोरच्यानं झाकून ठेवलेलं असेल ते आपणही वरून एक चादर घालून झाकावं, ही इथली रीत, हिलाच इथे मन जाणणं म्हणतात, आणि ज्याला ती येत नाही तो आडदांड. किनुयोला ती आईच्या दुधातूनच आली होती. ती एकोणीस वर्षांची असताना, डॉक्टरीच्या दुसऱ्या वर्षाला, वडिलांच्या पोटाचा फोटो तिच्या हाती आला होता, त्यात गाठ उघड दिसत होती. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अल्सरच आहे ना गं?" भिंतीपलीकडे वडील ऐकत होते. "हो, अल्सरच," ती म्हणाली. पाच महिने घरात सगळ्यांनी मिळून तो अल्सर पोसला. वडील मरायच्या आदल्या आठवड्यात हसून म्हणाले, "हा अल्सर फार हट्टी दिसतोय बुवा," आणि तिला कळलं की त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, ते आपल्यासाठी खोटं गिळत होते. घरात कुणी कुणाला दुखावलं नाही. आजही आई अभिमानानं सांगते, किती छान गेले. भीड भिकेची बहीण म्हणतात, पण इजिचींच्या घरात भिडेला थोरल्या सुनेचा मान होता.

तिनं आधी झोपेचं पांढरं औषध दिलं, मग जबडा सैल करणारं ते दुसरं. लहर गालांवरून गेली, छातीवरून गेली आणि पायांत उतरली ती तिथेच राहिली, दोन्ही ताठ पाय शहारत राहिले. ते बघताच किनुयोला कळलं. कळण्यात आणि यंत्रावरची हृदयाची रेघ रुंदावण्यात पाच-सहा सेकंद गेले असतील. ते पाच-सहा सेकंद म्हणजे तिच्या आयुष्यातली शेवटची मोकळी जागा होती, असं तिला पुढे वाटत राहिलं. मग कॅल्शियम, मग छाती दाबणं, घाम, कुणाचं तरी "बाई, आता सोडा" म्हणणं. विभागप्रमुख जपून बोलणारे गृहस्थ, त्यांनी कागदावर हृदय एवढाच शब्द लिहिला, आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "त्या बाईनं सांगितलं नाही, आपल्याला स्वप्न पडतं का?" फुसाएबाईंचं उरलेलं रक्त तिनं स्वतःच्या सहीनं तपासायला पाठवलं, कुणाला न सांगता. सत्तावीस मेला चिठ्ठी आली. या दक्षिणेच्या किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या राहिलेल्या माणसांच्या रक्तात सापडणारा तो विषाणू होता. बहुतेकांना तो जन्मभर काहीच करत नाही. एखाद्याच्याच मज्जारज्जूत शिरतो आणि पाय ताठ करतो. आईकडून मुलाकडे तो अंगावरच्या दुधातून जातो. जितके महिने दूध, तितकी भीती मोठी. चिठ्ठी तिनं टेबलाच्या खणात ठेवली. दुधातून सगळ्याच पोरांना जात नाही, पाचातल्या एखाद्यालाच, तिनं स्वतःला सांगितलं. आणि सांगायचं तर सगळं सांगावं लागेल: तुमच्या आईला हा आजार होता, तो मला दिसला होता, मी विचारलं नाही, आणि मी तिला मारलं. एक धागा ओढला की सगळं उसवणार. झाकली मूठ सव्वा लाखाची. रोज सकाळी दात घासताना मूठ आणखी घट्ट व्हायची.

"तुम्हाला एक सांगू?" हात्सुमी बर्फ चमच्यानं टोकरत म्हणाली. "शेवटी शेवटी माझं नि आईचं वाजलं होतं. आता बोलायला कुणी नाही म्हणून तुम्हाला सांगते. हसाल तुम्ही. दुधावरून."

"दुधावरून?"

"ही झाली ना, तेव्हापासून आईचं एकच. वरचं दे, डब्याचं दे. दर आठवड्याला डबे घेऊन यायची, लंगडत, काठी टेकत. मी म्हटलं, अगं, मला चांगलं दोन पोरांना पुरेल एवढं येतंय, डबा कशाला? तर म्हणे, तुझी छाती उतरेल. म्हणे, डब्याच्या दुधानं पोरं हुशार होतात. काहीच्या बाही! सासूबाईंच्या समोर माझी मान खाली. त्या म्हणाल्या, तुझ्या आईला नातीची हौस नाही की काय. मग मी बोलले आईला. म्हटलं, तू मला तीन वर्षांची होईपर्यंत पाजलंस, हे गावभर सांगतेस, आणि माझ्या पोरीला डबा? तर..." हात्सुमीनं चमचा खाली ठेवला. "तर ती रडायलाच लागली. असं कधी केलं नव्हतं तिनं. मला राग आला. डबे मी शेजारणीला देऊन टाकले. त्यानंतर पंधरा दिवसांत हे हर्नियाचं."

किनुयोच्या हातातल्या काड्या शेवयांत तशाच उभ्या राहिल्या. म्हणजे बाईंना ठाऊक होतं. नुसते पाय ताठतात एवढंच नाही, कशानं ताठतात आणि ते कुठून कुठे जातं हेही ठाऊक होतं. कुठल्या तरी लांबच्या दवाखान्यात एकटीनं जाऊन, एकटीनं ऐकून, घरी येऊन वात म्हणून सांगितलं. दोन महिने किनुयो त्या नजरेचा अर्थ लावत होती की बाईला स्वतःच्या आजाराची लाज वाटते. लाज कसली! ती नजर स्वतःसाठी नव्हतीच. आपण तीन वर्षं मांडीवर घेऊन काय पाजलं ते या मुलीला कळू नये, एवढंच ती मागत होती. पाय झाकले, जीव दिला, आणि खरं न सांगता खरं काम करून घ्यायला बघत राहिली, आठवड्याला डबे वाहून. आणि किनुयोला वाटत होतं आपण मन जाणलं. डोंबल जाणलं! तिनं पाण्याचा घोट घेतला.

सुझुना किरकिर करू लागली. हात्सुमीनं खुर्ची भिंतीकडे वळवली, खांद्यावर रुमाल टाकला आणि सवयीनं, बोलता बोलता, बाळाला छातीशी घेतलं. ओठ लागल्याचा बारीक आवाज आला.

"आईचं बरोबरच होतं," किनुयो म्हणाली. तिचा आवाज तिलाच दुसऱ्याचा वाटला. "म्हणजे, सात महिने झाले आता. दातही आलेत. वरचं सुरू करायला हरकत नाही. अंगावरचं बंद केलं तरी चालेल."

हात्सुमी मोठ्यानं हसली. "अगंबाई! तुम्हीसुद्धा? हुबेहूब आईसारखं बोललात. तिनंच तुमच्या कानात सांगून ठेवलं की काय जाताना?" मग हसू आवरून, डोळ्यांच्या कडा पुसून ती म्हणाली, "नाही डॉक्टरबाई. आता तर मुळीच नाही. आई गेल्यापासून मला वाटतं, तिनं मला जेवढं पाजलं तेवढं मी हिला पाजणार. तीन वर्षं. तिच्याकडून मला आलेलं दुसरं काय आहे माझ्यापाशी?"

आपणही डबाच वाहून आणला, किनुयोला वाटलं. नाव न सांगता, कारण न सांगता, वरवर गोड. बाई निदान मुलीचं मन राखायला तसं करत होती, आपण कातडी वाचवायला करतोय. रुमालाखाली गिळण्याचा आवाज येत होता, एक घोट, थोडं थांबून पुन्हा एक घोट, आणि मध्ये नाकानं श्वास. किनुयो तो ऐकत बसली. माणसाचा श्वास ऐकत बसणं हाच तिचा धंदा. आता बोलावं, या घोटानंतर, असं म्हणत तिनं पुष्कळ घोट जाऊ दिले. आता पोट भरेल, मग सांगू. एका वेळेनं काय होतंय? सत्तावीस मेपासून ती हेच म्हणत होती, एका दिवसानं काय होतंय. हात्सुमीनं बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं.

"हात्सुमीबाई," किनुयो म्हणाली. "तुमच्या आईच्या पायांना वात नव्हता."

मग ती बोलत गेली. पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतात त्या शांत, सपाट आवाजात, कारण दुसरा आवाज तिच्यापाशी नव्हता. मज्जारज्जूचा आजार. रक्तातला विषाणू. तो दुधातून जातो. तुम्हाला आला असेलच असं नाही, रक्त तपासावं लागेल. तपासेपर्यंत पाजू नका. एवढं झाल्यावर ती थांबली, आणि थांबता आलं असतं, कुणी पुढचं विचारलं नव्हतं. पण ती म्हणाली, "पाय ताठ असणाऱ्याला जे औषध द्यायचं नसतं ते मी त्यांना दिलं. पाय मी पाहिले होते. हृदय नव्हतं बिघडलं त्यांचं. मी दिलेल्या औषधानं थांबलं."

हात्सुमी ऐकत होती. बर्फ वितळून काचेच्या भांड्यात पांढरं पाणी झालं होतं. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, फक्त तोंड थोडं उघडं राहिलं होतं, वर्गात गणित न कळलेल्या मुलीसारखं.

"आईला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"हो. दुधाचं माहीत होतं. तुमच्याकडून आत्ताच मला कळलं ते."

"म्हणून डबे."

"हो."

"आणि तुम्हाला? तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"सत्तावीस मेपासून."

हात्सुमीचे ओठ हलले. ती मोजत होती. दिवसातून सहा वेळा, सात वेळा, आजारी होती तेव्हा दहा वेळा. मग मोजणं तिनं सोडून दिलं, मान खाली घालून रुमालाच्या आत पाहिलं, आणि किनुयोला वाटलं आता ती किंचाळेल, भांडं फेकून मारेल. तिनं मारावं असं किनुयोला मनापासून वाटलं.

"हो का," हात्सुमी म्हणाली. "मुद्दाम सांगितलंत. उपकार झाले." आणि बसल्या बसल्या, बाळाला धक्का लागू न देता, तिनं मान लववली. ते तिनं नाही, तिच्या सवयीनं केलं. वाकलेली मान वर यायला मात्र फार वेळ लागला.

मग तिनं करंगळी बाळाच्या ओठांच्या कडेतून आत सरकवली आणि तोंड सोडवलं. सुझुना आधी नुसती चकित झाली, दूध ओठांवरून हनुवटीवर ओघळलं. तिनं आईकडे पाहिलं आणि टाहो फोडला. हात्सुमीनं तिला अंगापासून दूर, दोन्ही हातांनी समोर धरलं, ओलं फडकं धरावं तसं, आणि बाळ हवेत पाय झाडत छातीकडे झेपावू लागलं. सगळ्या टेबलांवरच्या माना वळल्या. वाढणारी मुलगी तबक घेऊन जागीच थांबली. हात्सुमी उभी राहिली. ब्लाउज तसाच होता, पुढून भिजत चाललेला. ती डावीकडे वाकली, उजवीकडे वाकली. "माफ करा हं. तुमच्या जेवणात व्यत्यय आला. माफ करा, माफ करा."

किनुयोही उठली. ती हात्सुमीकडे वळून उभी राहिली, पण हात्सुमी तिच्याकडे बघत नव्हती, ती खिडकीजवळच्या टेबलाकडे तोंड करून वाकली होती. तेव्हा काय करावं ते न सुचून किनुयो शेजारच्या टेबलाकडे वळली आणि कमरेतून खोल वाकली, डोकं टेबलाच्या कडेखाली जाईपर्यंत. "माफ करा," ती म्हणाली. शब्द फाटका निघाला. "माझंच चुकलं. माफ करा." दोन महिन्यांत तिच्या तोंडून निघालेली ही पहिली माफी. ती शेजारी एकटीच शेवया खात बसलेल्या एका म्हातारीच्या वाट्याला आली.

"अहो, असू द्या, असू द्या," म्हातारी हसून म्हणाली. "लेकराला भूक लागलीय बिचाऱ्या. पाजा की तिला."